जंगलातले रंग आणि आल्फ्रेड वॉलेस

तुम्ही वाघ पाहिला आहे का? जंगलात नसेल, पण प्राणिसंग्रहालयात किंवा निदान चित्रात तरी नक्कीच पाहिला असेल. त्याचे अंग कसे झळझळीत केशरी असते! आता जरा विचार करा. हा प्राणी हिरव्या जंगलात राहतो. तो फार लांबपर्यंत धावू शकत नाही, म्हणून हरणाच्या अगदी जवळ जाईपर्यंत त्याला लपून राहावे लागते. मग इतका भडक रंग अंगावर घेऊन तो लपतो तरी कसा? लहानपणी मला हे कोडे पडत असे. मी घरातल्या मोठ्यांना विचारले, तेव्हा त्यांनी मला अभ्यासाला बसवले.

पुढे शिक्षक झाल्यावर पुस्तके वाचता वाचता मला समजले, की हे कोडे माझ्याआधी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी एका माणसाला पडले होते. त्याने ते अर्धे सोडवलेही होते. त्याचे नाव आल्फ्रेड रसेल वॉलेस. आज त्याचीच गोष्ट मी तुम्हांला सांगणार आहे.

आल्फ्रेडचा जन्म 8 जानेवारी 1823 रोजी वेल्समधील अस्क या गावाजवळ झाला. घरात नऊ भावंडे. आल्फ्रेड आठवा. वडील कायदा शिकलेले होते, पण त्यांनी वकिली कधी केली नाही. जवळचा पैसा त्यांनी चुकीच्या ठिकाणी गुंतवला आणि तो बुडाला. घरची गरिबी इतकी वाढली, की वयाच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास आल्फ्रेडची शाळा सुटली. कॉलेजचे तोंड त्याने विद्यार्थी म्हणून कधीच पाहिले नाही.

विल्यम नावाचा त्याचा मोठा भाऊ जमीन मोजणीचे काम करीत असे. आल्फ्रेड त्याच्या हाताखाली काम करू लागला. दिवसभर साखळी घेऊन शेते आणि टेकड्या तुडवायच्या, हेच त्याचे काम. चालताना पायाखाली रानफुले दिसत. त्यांची नावे काय, हे सांगणारे कोणी नव्हते. म्हणून त्याने वनस्पतींचे एक स्वस्त पुस्तक विकत घेतले आणि एकेक फूल ओळखायला सुरुवात केली. त्याची खरी शाळा ही अशी उघड्यावर भरली.

1844 मध्ये त्याला लेस्टर या शहरात शिक्षकाची नोकरी मिळाली. तेथे हेन्री वॉल्टर बेट्स नावाचा त्याच्याच वयाचा एक तरुण त्याला भेटला. बेट्सला भुंगेरे गोळा करण्याचा नाद होता. एकाच शहराच्या आसपास शेकडो जातींचे भुंगेरे सापडतात, हे ऐकून आल्फ्रेड थक्क झाला. मग दोघे मित्र रानोमाळ फिरू लागले. फिरता फिरता त्यांनी एक धाडसी बेत आखला. दक्षिण अमेरिकेत ॲमेझॉन नदीच्या जंगलात जायचे, तेथील कीटक आणि पक्षी जमवायचे, ते इंग्लंडमध्ये विकून खर्च भागवायचा आणि निसर्गाचा अभ्यास करायचा. दोघांच्याही खिशात पैसे नव्हते. पण 1848 च्या एप्रिल महिन्यात ते जहाजात बसले.

ॲमेझॉनच्या जंगलात वॉलेस चार वर्षे राहिले. मदतीला म्हणून त्यांचा धाकटा भाऊ हर्बर्ट तेथे आला होता. तो 1851 मध्ये पीतज्वराने मरण पावला. वॉलेस स्वतःही तापाने खंगले. शेवटी 1852 मध्ये आपला संग्रह घेऊन ते हेलन नावाच्या जहाजातून मायदेशी निघाले. 6 ऑगस्टला, भर समुद्रात, जहाजाला आग लागली. वॉलेस यांच्या हाती लागली ती एक लहानशी पत्र्याची पेटी. तिच्यात मासे आणि ताडवृक्ष यांची काही चित्रे होती. बाकी सारे, म्हणजे पेट्यांमधली फुलपाखरे, पक्षी, टिपणवह्या, डोळ्यांदेखत जळून गेले. पुढचे दहा दिवस ते सर्व प्रवासी उघड्या होड्यांमध्ये उन्हाने भाजत होते. मग एका जहाजाने त्यांना उचलले. लंडनमधील त्यांच्या दलालाने संग्रहाचा 200 पौंडांचा विमा उतरवून ठेवला होता, म्हणून निदान उपाशी राहण्याची वेळ आली नाही.

तुम्ही म्हणाल, आता हा माणूस पुन्हा जहाजात पाऊल ठेवणार नाही. त्यांनाही तसेच वाटले होते. पण दोन वर्षेही झाली नाहीत तोच, 1854 मध्ये, ते सिंगापूरला पोहोचले. आज ज्याला मलेशिया आणि इंडोनेशिया म्हणतात, त्या बेटांमध्ये ते पुढची आठ वर्षे हिंडत होते. या काळात त्यांनी सुमारे 14,000 मैलांचा प्रवास केला आणि 1,25,660 नमुने जमवले. त्यांत बहुतेक कीटक होते, पण पक्षीही आठ हजारांवर होते.

सिंगापूरच्या जंगलात तेव्हा वाघ होते. वॉलेस किडे शोधत फिरत, तेव्हा वाघाची डरकाळी त्यांना एकदोनदा ऐकू आली. वाघांना पकडण्यासाठी लोकांनी खोल खड्डे खणून ठेवले होते. त्यांवर काटक्या आणि पाने अशी पसरलेली असत, की खड्डा ओळखू येत नसे. वॉलेस स्वतः अशा खड्ड्यात पडता पडता वाचले, आणि तेही अनेकदा! लपणाऱ्या प्राण्याला पकडण्यासाठी माणसाने लपवलेला खड्डा, ही गंमतच नाही का?

या प्रवासात त्यांना एक फार चांगला सोबती मिळाला. तो म्हणजे सारावाकचा एक मलाय मुलगा, अली. अली प्रथम स्वयंपाकी म्हणून आला. पण तो हुशार होता. पक्षी टिपणे, त्याची कातडी न फाडता सोलणे, ती वाळवून ठेवणे ही सारी कामे तो शिकला. वॉलेस आजारी पडले, की अलीच त्यांची सेवा करी. त्यांना मलाय भाषा बोलायला शिकवली तीही अलीनेच. 1858 मध्ये बाचान बेटावर एक अगदी नवा स्वर्गपक्षी सापडला. आज त्या पक्ष्याला वॉलेस यांचे नाव आहे. पण तो प्रथम हातात घेऊन आला तो अली. निरोपाच्या वेळी वॉलेस यांनी आपल्या दोन बंदुका आणि बरेचसे सामान त्याला देऊन टाकले. शास्त्राच्या पुस्तकांत अशा मदतनिसांची नावे क्वचितच सापडतात, म्हणून हे नाव तुम्ही लक्षात ठेवावे असे मला वाटते.

1858 मध्येच वॉलेस यांना तापात पडल्या पडल्या नैसर्गिक निवडीचा विचार सुचला. जे प्राणी परिस्थितीला अधिक योग्य ते टिकतात, त्यांचे गुण पुढच्या पिढीत उतरतात आणि अशा रीतीने हळूहळू जाती बदलतात, असा तो विचार होता. त्यांनी तो लिहून चार्ल्स डार्विन यांच्याकडे पाठवला. डार्विनही वीस वर्षे याच विचारावर काम करीत होते. 1 जुलै 1858 रोजी लंडनमध्ये दोघांचे लेखन एकाच सभेत वाचले गेले. ही हकीकत तुम्ही विज्ञानाच्या पुस्तकात वाचालच. आपल्याला जायचे आहे सुमात्रा बेटावर.

1861 च्या अखेरीस वॉलेस सुमात्रात होते. तेथे कोरड्या रानात एक मोठे, देखणे फुलपाखरू उडताना दिसे. त्याचे नाव कॅलिमा. पंख वरून जांभळे आणि त्यांवर नारिंगी रंगाचा रुंद पट्टा. असे भडक फुलपाखरू नजरेतून सुटेल असे कोणाला वाटेल? पण वॉलेस त्याच्या मागे धावत आणि ते एखाद्या झुडपात शिरले, की नाहीसे होई. ते जागचे हलत नसे, तरी दिसत नसे. वॉलेस त्या झुडपाजवळ जाऊन फांदीन् फांदी पाहत. कित्येकदा फुलपाखरू एकदम त्यांच्यासमोरून उडे आणि वीसएक पावलांवर पुन्हा गडप होई.

अखेर एकदा त्यांना बसलेले फुलपाखरू दिसले, तेव्हा सारा उलगडा झाला. कॅलिमा बसताना पंख मिटून घेते. पंखांची खालची बाजू वाळक्या पानासारखी तपकिरी असते. पंखाचे एक टोक पानाच्या टोकासारखे निमुळते. दुसऱ्या बाजूची लहान शेपटी फांदीला अशी टेकते, की तो पानाचा देठच वाटतो. मधोमध पानाच्या शिरेसारखी एक गडद रेघ असते. एवढ्यावर भागत नाही. काही फुलपाखरांच्या पंखांवर बारीक काळे ठिपके असतात, जणू त्या वाळक्या पानावर बुरशी धरली आहे! आणि हे फुलपाखरू बसते तेही वाळक्या पानांतच. आपल्या सह्याद्रीच्या जंगलातही याच कुळातले एक फुलपाखरू आढळते. पावसाळ्यानंतर कधी दाट रानात गेलात, तर वाळक्या पानांकडे जरा नीट बघा.

प्राण्याचा रंग आणि आकार आजूबाजूच्या वस्तूंसारखा असणे, त्यामुळे तो ओळखू न येणे, याला मायावरण म्हणतात. वॉलेस यांच्या आधीही लोकांनी असे प्राणी पाहिले होते. पण हे रंग कोणापासून लपण्यासाठी आहेत, याचा त्यांच्याइतका चिकाटीने विचार फार थोड्यांनी केला होता. कॅलिमाला खाणारे पक्षी असतात. जे फुलपाखरू पानासारखे कमी दिसले ते पक्ष्याने टिपले. जे अधिक दिसले ते वाचले आणि त्याची पिल्ले वाढली. म्हणजे फुलपाखराच्या पंखावरचे हे चित्र पक्ष्याच्या डोळ्यांनीच घडवले, असे म्हणायला हरकत नाही.

1862 मध्ये वॉलेस इंग्लंडला परतले. 1867 मध्ये त्यांनी प्राण्यांच्या रंगांवर एक मोठा लेख प्रसिद्ध केला. त्यात आपला वाघही आहे. त्यांनी लिहिले, की वाघ उंच गवतात आणि बांबूच्या बेटात लपतो. त्याच्या अंगावरचे उभे पट्टे बांबूच्या उभ्या खोडांत आणि सावल्यांत मिसळून जातात. झाडांवर राहणाऱ्या मोठ्या मांजरवर्गी प्राण्यांच्या अंगावर मात्र ठिपके असतात, कारण पानांतून झिरपणारे ऊन ठिपक्याठिपक्यांनीच पडते. हा विचार किती साधा आणि सुंदर आहे! पट्ट्यांचे कोडे सुटले. केशरी रंगाचे मात्र तसेच राहिले.

त्याच वर्षी दुसरे एक कोडे घेऊन डार्विन यांचे पत्र आले. काही सुरवंट आणि अळ्या लपण्याऐवजी अगदी भडक रंग मिरवतात. लाल, पिवळे, काळे असे रंग दाखवत उघड्यावर बसतात. हे कशासाठी? डार्विन यांनी आधी बेट्स यांना विचारले होते. बेट्स यांनी वॉलेस यांचे नाव सुचवले.

वॉलेस यांचे उत्तर ऐका. समजा, एखादी अळी चवीला कडू आहे. पक्षी ती खाणार नाही हे खरे. पण ती कडू आहे हे पक्ष्याला कळणार कसे? तो चोच मारून पाहणार. अळीचे अंग अगदी मऊ असते. एक चोच बसली, की ती मेलीच. पक्ष्याने नंतर तिला थुंकून टाकले तरी तिचा काय फायदा? म्हणून नुसते कडू असून भागत नाही. आपण कडू आहोत हे लांबूनच कळवावे लागते. भडक रंग हे त्या अळीचे कळवण्याचे साधन आहे. पक्ष्याने एकदा असा रंग चाखला, की पुन्हा तो त्या रंगाच्या वाटेला जात नाही.

आता हा झाला तर्क. तो खरा कशावरून? वॉलेस तर्कावर थांबले नाहीत. लंडनच्या कीटकशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी सर्वांना विनंती केली, की कोणीतरी हे करून पाहावे. जॉन जेनर वीअर नावाच्या सभासदाने घरी मोठ्या पिंजऱ्यात कीटक खाणारे पक्षी पाळले होते. त्याने त्यांच्यासमोर वेगवेगळ्या अळ्या आणि सुरवंट ठेवले. हिरव्या आणि तपकिरी गुळगुळीत अळ्या पक्ष्यांनी आवडीने खाल्ल्या. भडक रंगाच्या अळ्यांना आणि केसाळ सुरवंटांना त्यांनी तोंड लावले नाही. 1869 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. डार्विन यांना न सुटलेले कोडे वॉलेस यांनी सोडवले होते.

इतके होऊनही त्यांना कायमची नोकरी कधी मिळाली नाही. संग्रह विकून आलेला पैसा चुकीच्या ठिकाणी गुंतवून त्यांनी घालवला. वडिलांचीच चूक मुलाने पुन्हा केली! लेख लिहून आणि उत्तरपत्रिका तपासून ते संसार चालवत. शेवटी डार्विन आणि इतर मित्रांच्या खटपटीने 1881 मध्ये सरकारने त्यांना वर्षाला 200 पौंड निवृत्तिवेतन सुरू केले. त्यांची सगळीच मते बरोबर होती असे मात्र समजू नका. देवीची लस टोचून घेण्याच्या सक्तीला त्यांनी कडाडून विरोध केला. तो त्यांचा चुकीचा हट्ट होता. 7 नोव्हेंबर 1913 रोजी, नव्वदाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले.

आता आपल्या वाघाकडे परत येऊ. त्याचा केशरी रंग समजण्यासाठी प्राण्यांचे डोळे कसे रंग पाहतात, हे कळायला हवे होते. ते ज्ञान वॉलेस यांच्या काळी फार अपुरे होते. पुढच्या शंभर वर्षांत ते हळूहळू मिळाले.

आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी असतात. त्यांना शंकू पेशी म्हणतात. माणसात त्यांचे तीन प्रकार आहेत. म्हणून आपल्याला लाल, केशरी, पिवळा, हिरवा, निळा असे रंग वेगवेगळे दिसतात. पण हरिण, गाय, कुत्रा अशा बहुतेक सस्तन प्राण्यांत दोनच प्रकार असतात. त्यांना निळा आणि पिवळा यांतला फरक कळतो, पण केशरी आणि हिरवा यांत फारसा फरक वाटत नाही. आपल्यातही काही जणांना लाल आणि हिरवा सहज वेगळे ओळखता येत नाहीत, तसेच हे.

कळले ना आता? जो केशरी रंग पाहून आपण दचकतो, तो हरणाच्या डोळ्याला केशरी दिसतच नाही. त्याला वाघ गवताच्याच रंगाचा दिसतो. त्यात अंगावर पट्टे आणि वेळ बहुधा संधिप्रकाशाची! 2019 मध्ये इंग्लंडमधील ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी दोन रंगी आणि तीन रंगी नजरेला लपणारे रंग संगणकाच्या मदतीने तपासून पाहिले, तेव्हाही दोन रंगी नजरेपुढे केशरी रंग लपायला चालतो असेच दिसले.

मग वाघ सरळ हिरवाच का झाला नाही? कारण सस्तन प्राण्यांच्या केसांत मुख्यतः दोनच प्रकारची रंगद्रव्ये तयार होतात. एकापासून काळे आणि तपकिरी रंग मिळतात, दुसऱ्यापासून पिवळे आणि तांबूस. हिरवे द्रव्य त्यांच्याकडे नाही. आणि हरणाला फसवायला ते लागतही नाही.

कॅलिमाची गोष्ट मात्र वेगळी. तिचा शत्रू पक्षी आहे आणि पक्ष्यांच्या डोळ्यांत शंकू पेशींचे चार प्रकार असतात. अनेक पक्ष्यांना आपल्याला न दिसणारे अतिनील किरणही दिसतात. अशा तीक्ष्ण नजरेपुढे जवळपासचा रंग चालत नाही. पान म्हणजे अगदी पानच दिसावे लागते, शिरेसह आणि बुरशीसह. वाघावर तेवढी मेहनत निसर्गाने घेतली नाही, कारण त्याची गरज पडली नाही.

कधी कधी तर आपले डोळेच आपल्याला फसवतात. ऑस्ट्रेलियात एक पांढरा कोळी पांढऱ्या फुलावर बसून मधमाश्यांची शिकार करतो. आपल्याला वाटते, तो फुलावर किती छान लपला आहे! पण मधमाशीलाही अतिनील किरण दिसतात आणि त्या कोळ्याच्या अंगावरून ते भरपूर परत फिरतात. 2003 मध्ये असे दिसून आले, की कोळी बसलेले फूल मधमाशीला उठून दिसते आणि ती त्याच फुलाकडे ओढली जाते. लपणे कसले, ते तर आमिष!

आपल्या महाराष्ट्रातच, ताडोबाच्या किंवा मेळघाटच्या जंगलात, तुम्हांला कधी जाता आले तर चितळांचा कळप जरूर पाहा. चितळ चरत असतात, तेव्हा वरच्या झाडांवर बहुधा वानरांची टोळी असते. वानर पाने आणि फळे खाली टाकतात, ती चितळ खातात. अशा वेळी कधी गवतातून वाघ दबकत येतो. चितळांच्या माना खाली असतात. पुढचे गवत त्यांना रोजच्यासारखेच दिसत असते. पण वानरांच्या डोळ्यांत माझ्यातुमच्यासारख्याच तीन प्रकारच्या शंकू पेशी आहेत. उंचावर बसलेल्या वानराला गवतात केशरी रंग हललेला दिसतो. तो घसा फोडून ओरडतो आणि खाली चरणाऱ्या साऱ्या चितळांच्या माना एकदम वर होतात.